रुजवात

तीस वर्षे मी जिल्हा कचेरीच्या रेकॉर्ड-रूममध्ये काढली असे सांगितले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तांबड्या फडक्यांत बांधलेल्या रुमालांच्या रांगा, कसरीने चाळण केलेले कागद आणि त्यांच्यामधून खोकत हिंडणारा एक चष्मेवाला कारकून उभा राहतो, आणि ते चित्र यथार्थच आहे. परंतु निवृत्तीनंतरचे आयुष्यही मी एका रेकॉर्ड-रूममध्येच घालवीत आहे असे म्हटले, तर त्यातला श्लेष माझ्या भाच्याखेरीज कोणाच्या ध्यानात येत नाही. या दुसऱ्या रेकॉर्ड-रूमचा विस्तार म्हणजे सागवानी कपाटाचे तीन खण. त्यांत बारा इंची तबकड्या उभ्या लावल्या आहेत, आणि कपाटाच्या दारामागे, सुतळीला बांधलेली, मी स्वतः रूळ फिरवून आखलेली एक नोंदवही लटकते. अनुक्रमांक, आवक दिनांक, कर्त्याचे नाव, मुक्काम, प्रकाशक आणि शेरा असे तिचे सहा रकाने. कचेरीत जिला आम्ही बारनिशी म्हणत असू, तिचीच ही धाकटी बहीण. फरक इतकाच, की तिथे पाठविणाऱ्याचे नाव नसलेला कागद आला तर ‘निनावी अर्ज, दप्तरी दाखल’ असा शेरा मारून आम्ही तो कायमचा निजवीत असू, आणि इथे मात्र ज्या नोंदींपुढे नावाचा रकाना कोरा आहे, त्याच नोंदींनी माझी झोप उडविली आहे.

या तबकड्यांवरचे संगीत विद्युत्-यंत्रांवर रचलेले नृत्यसंगीत आहे. हाउस, टेक्नो, ट्रान्स अशी त्याची कुळे, आणि मिनिटाला १२० ते १४० ठोके ही त्यातील बहुतेकांची चाल. घरात हा विषय मी जपून काढतो. कारण ‘डीजे’ हा शब्द माझ्या तोंडून निघाला, की सौभाग्यवती उठून खिडक्या लावून घेते. तिचा दोष नाही. आमच्या पेठेत डीजे ही व्यक्ती नसून वस्तू आहे: विसर्जनाच्या दिवशी टेम्पोवर रचलेली, पुरुषभर उंचीवर आणखी पुरुषभर चढलेली, लाकडी खोक्यांची ती एक भिंत असते, आणि ती गल्लीच्या तोंडाशी आली म्हणजे मांडणीवरची भांडी आपण होऊन बोलू लागतात. साठी ओलांडलेला, सवाई गंधर्व महोत्सवात उमेदीच्या काळातील कितीएक रात्री जागून काढलेला मनुष्य असल्या भिंतीमागे काय शोधतो, हा तिचा प्रश्न रास्त आहे, आणि हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला दिलेली, मुदत टळून गेलेली कैफियत आहे.

आरंभ बर्लिनला झाला. २०१४ च्या उन्हाळ्यात मी भाच्याकडे गेलो होतो. त्याने मला वस्तुसंग्रहालये दाखविली, राजवाडे दाखविले, पडलेल्या भिंतीचे अवशेष दाखविले, आणि माझ्या चेहऱ्यावरचा शीण पाहून एके दुपारी म्हणाला, “मामा, आज तुम्हांला आमची रेकॉर्ड-रूम दाखवतो. जिने चढवतील ना?” क्रॉइट्झबर्ग नावाच्या भागात, कालव्याच्या काठाने जाऊन, एका इमारतीच्या मागच्या चौकात शिरून, रेघोट्यांनी आणि चिकटपट्ट्यांनी भरलेल्या भिंतींमधल्या जिन्याने आम्ही वर चढलो, तो ‘हार्ड वॅक्स’ या दुकानात. १९८९ साली, म्हणजे ती भिंत पडली त्याच वर्षी, मार्क एर्नेस्टुस याने हे दुकान काढले आणि डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय तरुणांनी रचलेल्या टेक्नोच्या तबकड्या तेथून मागवून बर्लिनच्या हाती दिल्या. पुढे १९९१ साली त्याच शहरात, वर्टहाइम नावाच्या जुन्या वस्तुभांडाराच्या जमिनीखालच्या तिजोरीत, गंजलेल्या लोखंडी खणांच्या साक्षीने ‘ट्रेझोर’ हे नृत्यगृह उघडले. ट्रेझोर म्हणजे तिजोरीच. तहसिलीच्या तिजोरीपुढे पहारेकऱ्याबरोबर उभे राहून मोहरबंद कुलपे तपासण्यात ज्याची हयात गेली, त्याला तिजोरीत लोक रात्रभर नाचतात ही वार्ता किती आल्हाददायक वाटली असेल, हे वाचकांनी ओळखावे.

दुकानातील एका कोपऱ्यात, कानांवर जाड कर्णयंत्र चढवून, मी पहिली तबकडी ऐकली. दोन मिनिटे नुसता ठोका चालू होता. गाणे कधी सुरू व्हायचे, असे मी खुणेने विचारले, तेव्हा भाचा हसून म्हणाला, “मामा, हे अर्धंच वाक्य आहे. उरलेलं अर्धं दुसऱ्या तबकडीत असतं.” त्या एका वाक्याने माझी बैठक पक्की झाली. या तबकड्या एकेकट्या ऐकण्यासाठी केलेल्या नसतात. वाजविणारा एकीच्या शेपटात दुसरीचे मुख गुंफतो, आणि त्या सांधणीला पुरेशी जागा असावी म्हणून रचणाऱ्याने आदिअंती नुसता ठेका सोडलेला असतो. एवढे समजल्यावर कान थांबायला शिकला, आणि थांबल्याबरोबर त्याला दिसू लागले, की ठोका तसाच असला तरी त्याच्या मागचा एक नाद अतिशय सावकाश, विलंबितात स्वर उमलावा तसा, रंग पालटीत आहे. निघताना मी एक तबकडी विकत घेतली. तिच्या मधल्या पांढऱ्या कागदावर रबरी शिक्क्याने उमटविलेला एक अंक होता, शाई थोडी पसरलेली. नाव नाही, गाव नाही, सन नाही. अशा कोऱ्या तबकडीच्या प्रती तीनचारशेच काढतात, असे भाच्याने सांगितले.

घरी आल्यावर रात्री दिव्याखाली ती तबकडी धरून मी भिंग लावले. शेवटचे वलय संपते आणि कागदी चकती सुरू होते, त्यांच्यामध्ये बोटभर रुंदीचा एक गुळगुळीत पट्टा असतो, आणि त्या पट्ट्यात, प्रकाशाची तिरीप एका विशिष्ट कोनातून पडली तरच दिसतील अशी, टोच्याने कोरलेली अक्षरे असतात. मोडी कागदाच्या अखेरीस ‘मोर्तब सुद’ शोधणारी माझी दृष्टी या पट्ट्यावर जाऊन स्थिरावली यात नवल नाही. पेशवाई पत्राच्या मायन्यात कितीही आडपडदा असला तरी ते खरे की बनावट, हे तळाच्या मोर्तबावरून कळते; तसेच इथेही. डेट्रॉइटच्या कितीतरी तबकड्यांच्या साच्यावर रॉन मर्फी या कारागिराच्या कारखान्याची अक्षरे आढळतात, आणि ज्याने रचना केली तो पडद्याआड राहिला तरी ज्याने खोदकाम केले त्याची सही मागे उरते. माझ्या बेवारस तबकडीवरच्या दोन अक्षरांवरून मी तीन महिन्यांनी तिचा साचा कोरणाऱ्यापर्यंत पोहोचलो, त्याच्यावरून त्याच सुमारास कोरलेल्या दुसऱ्या सहा तबकड्यांपर्यंत, आणि त्या सहांतून दोन अशा निघाल्या, की त्यांच्यावाचून मी आजवर कसा जगलो याचे मला आश्चर्य वाटते. मूळ कर्ता मात्र अद्याप सापडलेला नाही.

नाव लपविण्याचा हा सोस कशासाठी, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. वरकरणी हा प्रकार आपल्या ओळखीचा वाटतो. बंदिशीचा अंतरा शिष्याच्या पदरात टाकण्यापूर्वी त्याला वर्षानुवर्षे चिलमी भरायला लावणारे खाँसाहेब, अनवट रागाचे नाव विचारणाऱ्याची हसून बोळवण करणारे बुवा, हे आपल्या संगीताच्या आख्यायिकांतील नित्याचे पुरुष. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये कूल हर्क हा वादकही, प्रतिस्पर्ध्याला सुगावा लागू नये म्हणून, तबकडीवरचा कागद पाण्यात भिजवून काढून टाकीत असे. परंतु जरा खोल गेले की भेद दिसतो. खाँसाहेब चीज लपवीत आणि नाव मिरवीत; या मंडळींनी चीज बाजारात ठेवली आणि नाव लपविले. डेट्रॉइटला १९९० च्या सुमारास माइक बँक्स आणि जेफ मिल्स यांनी ‘अंडरग्राउंड रेझिस्टन्स’ नावाचा जो जथा उभारला, त्याने तोंडावर बुरखे घेतले. कारण कृष्णवर्णीयांचे संगीत घेऊन त्याला चेहरा आपल्या सोयीचा चिकटविणाऱ्या मोठ्या कंपन्यांना विकण्याजोगा चेहराच मिळू द्यायचा नाही, असा त्यांचा पण होता. त्याच शहरातील ‘ड्रेक्सिया’ या जोडीने आपल्या नावांऐवजी एक पुराण पुढे केले: गुलामांच्या जहाजांवरून समुद्रात फेकलेल्या गर्भवती स्त्रियांच्या उदरातील बालके पाण्याखालीच श्वास घ्यायला शिकली आणि त्यांनी सागरतळाशी राज्य वसविले. त्यांपैकी जेम्स स्टिन्सन २००२ साली वारला, तेव्हाच बहुतेक श्रोत्यांना त्याचे नाव कळले. बर्लिनच्या ‘बेसिक चॅनेल’ने तर १९९३ पासून आपल्या तबकड्यांवरची अक्षरेच उत्तरोत्तर इतकी विरघळू दिली, की वाचणाऱ्याने हार मानून ऐकायला बसावे.

माझ्या दीर्घ नोकरीत दस्तऐवजाची किंमत मी नेहमी नावावरून केली. कोणाचा हुकूम, कोणाची सनद, कोणाचा वारस, याचा दाखला मिळाला की कागदात काय लिहिले आहे याची मातब्बरी उरत नसे. मैफलीतही आम्ही तेच करीत होतो; गवय्याने षड्ज लावण्यापूर्वी हा कोणाचा शागीर्द, कोणत्या घराण्याचा, ही चौकशी होऊन आमची दाद अर्धी ठरून गेलेली असे. कोऱ्या तबकडीने ही सोयच काढून घेतली. तिच्यापुढे बसलेल्या माणसाजवळ कानांखेरीज दुसरा साक्षीदार नाही, आणि तो साक्षीदार किती भरवशाचा आहे हे त्याला त्याच दिवशी प्रथम कळते.

तबकडीच्या नाजूकपणाचा धडा मला माझ्याच हलगर्जीपणाने मिळाला. एका मे महिन्यात मी दोन तबकड्या खिडकीशी ठेवून ग्रामदैवताच्या पालखीला गेलो, आणि परत येऊन पाहतो तो त्या अळूच्या पानासारख्या कडेने वळलेल्या. त्या दिवशी मला गोव्याचे कोडे उलगडले. हणजुणेच्या किनाऱ्यावर परदेशी भटक्यांच्या ज्या रात्री रंगत, त्यांतून पुढे गोवा ट्रान्स नावाची शैली जन्मली. परंतु तिथे वाजविणाऱ्यांचा भर तबकड्यांवर नसून फितींवर असे, आणि त्याचे एक कारण ऊन आणि वाळू. कोणी युरोपातून नव्या रचनांच्या फिती आणाव्यात, दुसऱ्याने आपल्याजवळच्या त्यांच्या बदल्यात द्याव्यात, आणि मोसम संपला की हा वाणवळा पुन्हा जगभर पांगावा, असा तो व्यवहार. तिथल्या वाजविणाऱ्यांत ख्यातनाम झालेला गोवा गिल हा सॅन फ्रान्सिस्कोहून १९७० च्या आसपास आलेला आणि २०२३ साली दिवंगत झालेला वल्ली अखेरपर्यंत अंकीय फितींशी निष्ठावान राहिला. या फितींचा वेग तबकडीप्रमाणे बोटाने कमीअधिक करता येत नसे; त्यामुळे ठोक्याला ठोका जुळविण्याऐवजी एकीच्या विरत्या नादात दुसरीचा उगवता नाद सोडावा लागे, आणि ही अडचणच त्या संगीताच्या लांबलचक, धूसर आरंभांचे एक कारण मानली जाते.

आता ज्यासाठी ही कैफियत लिहावयास घेतली त्या प्रकरणाकडे वळतो. जपानच्या रोलँड कंपनीने १९८१ साली टीबी-३०३ नावाची एक रुपेरी पेटी बाजारात आणली. एकट्याने गिटार वाजविणाऱ्याला खर्जाची साथ मिळावी हा तिचा हेतू. पण तिच्यातून निघणारा आवाज गिटारीचा म्हणून कोणाला पटेना, आणि १९८४ मध्ये कंपनीने तिचे उत्पादन बंद केले. टाकाऊ ठरून स्वस्तात विकली जाणारी ती पेटी शिकागोच्या तीन पोरांच्या हाती आली, त्यांनी तिच्या कळा नको तितक्या पिळल्या, आणि जो किंचाळत, वळवळत जाणारा नाद निघाला त्यातून १९८७ साली ‘फ्यूचर’ या नावाने त्यांनी काढलेली ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही तबकडी घडली. ॲसिड हाउस ही शैली तेथून सुरू झाली, अशी नोंद मीही माझ्या वहीत सुवाच्य अक्षरांत केली होती.

ती नोंद २०१५ च्या ऑगस्टमध्ये मला दुरुस्त करावी लागली. भाच्याने पाठविलेल्या एका तबकडीवर तीच पेटी, तोच वळवळता नाद. परंतु त्या नादातून चालला होता तो ललत. पंचमाला फाटा देऊन दोन्ही मध्यम पाठीला पाठ लावून बसलेले, आणि त्यांच्याखाली अथक चौपट ठोका. साल पाहिले तर १९८२, म्हणजे शिकागोच्या पाच वर्षे आधी. आणि मुक्काम पाहिला तर मुंबई. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वर्षानुवर्षे बास गिटार आणि कळफलकाची वाद्ये वाजविणाऱ्या चरणजित सिंग यांनी ती पेटी, तालासाठी टीआर-८०८ आणि स्वरांसाठी ज्युपिटर-८ अशी रोलँडचीच तीन यंत्रे एकमेकांना जोडून, डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजविले होते. ग्रामोफोन कंपनीने तबकडी काढली, कोणी घेतली नाही, आणि एदो बाउमन नावाच्या डच संग्राहकाने तिचा पाठपुरावा करून २०१० साली ती पुन्हा प्रसिद्ध करीपर्यंत ती बेवारसच होती. त्यानंतर उतारवयात सिंग युरोपात जाऊन तेच राग तरुण श्रोत्यांपुढे वाजवून आले.

इथवरची हकीकत पुष्कळांना ठाऊक असेल. तिच्यातील माझा भाग मी आजवर कोणाला सांगितला नाही. १९८४ च्या पावसाळ्यात एका दाव्याचे कागद घेऊन मी मंत्रालयात गेलो होतो, काम लवकर उरकले, आणि फोर्टातल्या एका पदपथावर ताडपत्रीखाली मांडलेल्या जुन्या तबकड्या चाळीत उभा राहिलो. दहा राग आणि डिस्कोचा ठेका असे नाव असलेली तबकडी माझ्या हातात आली होती. शेजारच्या अनोळखी गृहस्थाला ऐकू जाईल अशा बेताने मी “काय हा भ्रष्टाकार!” असे म्हणालो, ती परत ठेवली, आणि खिशातून रुमाल काढून हात पुसले. तो रुमाल मला अजून आठवतो. तीस वर्षांनी, चार हजार मैलांवरून, एका डच माणसाच्या चिकाटीने आणि भाच्याच्या कृपेने ती तबकडी पुनश्च माझ्या हाती आली, आणि रुजवात करायला मी बसलो तेव्हा साक्षीदार उरला नव्हता. चरणजित सिंग त्याच वर्षीच्या जुलैत वारले होते.

प्रायश्चित्त म्हणून मी ती तबकडी अनेकवार ऐकली. तिची भलावण करताना काही उत्साही मंडळी म्हणतात, की ॲसिड हाउसचा जनक मुंबईचा. फेरफारनोंदीचे काम केलेला मी, या वारसाहक्काला मंजुरी देऊ शकत नाही. शिकागोच्या पोरांपर्यंत ही तबकडी पोहोचल्याचा कोणताही दुवा पुढे आलेला नाही, आणि दुव्यावाचून वारस लावता येत नाही. घडले ते याहून विस्मयकारक आहे. सोळा घरांत स्वर मांडून ते फिरवीत राहायचे, स्वरसमूह नाही, एकच धून. घरागणिक हवा तिथे जोर द्यायचा आणि हवे तिथे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरायचे, एवढीच त्या पेटीची अक्कल. पाश्चात्त्य साथीदाराला ती तोकडी वाटली. पण आपल्या माणसाला त्या एकधुनीत राग आणि त्या घसरणीत मींड दिसली. मींड मात्र ती नव्हे, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे: पेटीची घसरण सर्वत्र एकाच मापाची, आणि तोडीच्या गांधाराला जो हेलकावा लागतो त्याची तिला कल्पनाही नाही. तरीसुद्धा ललताचे ते दोन मध्यम त्या निर्बुद्ध यंत्रातून एकमेकांवर घासत जातात, तेव्हा पहाटेच्या मैफलीत कधीकाळी अंगावर आलेला काटा पुन्हा येतो, आणि माझ्या सोवळ्याला त्याचे उत्तर देता येत नाही.

तेव्हापासून दर शुक्रवारी, जेव्हा नवी आवक विशेष असते, मी संध्याकाळी कर्णयंत्र लावून बसतो. ‘बँडकँप’ या संकेतस्थळावर रचनाकार आपला माल थेट मांडतात, आणि २०२० च्या मार्चपासून, महामारीच्या दिवसांत, काही शुक्रवारी त्या कंपनीने आपला हिस्सा सोडून सारे पैसे रचनाकारांच्या पदरात टाकले, तेव्हा तर माझी वही दोनदा पुरवणी लावून शिवावी लागली. माझी रीत जुनी आहे. गाजलेले नाव घ्यायचे नाही. आवडलेल्या तबकडीत शेवटी कोणाचे आभार मानले आहेत, साचा कोणी कोरला, त्याच प्रकाशकाने त्याच्या आधी कोणाचे काय काढले, असे एकाच्या बोटाला धरून दुसऱ्याकडे जायचे. वीस ऐकावीत तेव्हा एक ठेवण्याजोगी मिळते, आणि उरलेल्या एकोणिसांनाही मी पूर्ण वेळ देतो. तो रुमाल स्मरणात आहे.

गेल्या भाद्रपदात अनंत चतुर्दशीच्या दुपारी पेठेच्या तोंडाशी टेम्पो लागला. सौभाग्यवतीने सवयीने खिडक्या लावल्या, आणि मी सवयीविरुद्ध जिना उतरून खाली गेलो. खोक्यांची भिंत अजून पुरती उभी राहिली नव्हती, आवाजाची नुसती तपासणी चालली होती. तरीही छातीच्या फासळ्या मोजता येत होत्या, आणि या उपद्रवाविरुद्ध कायदा आहे, रात्री दहानंतर ध्वनिवर्धकाला मनाई आहे, ती हवीच, हे मी क्षणभरही विसरलो नव्हतो. पण त्या दणक्यात कडकडीत वाजणारी एक हलगी कोणी अशी कापून, उलटी फिरवून, पुन्हा सांधली होती, की तिसऱ्या ठोक्याची जागा दर फेरीत एक केस पुढे सरकत होती. टेम्पोच्या पाठीवर, वायरींच्या वेटोळ्यात, एक विशीतला मुलगा मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता.

“हे वाजतंय ते कोणाचं?” मी ओरडून विचारले.

“कुठलं, काका? हलगी मिक्स? आपलंच हाय. घरीच केलंय.”

“तुझं नाव काय, म्हणजे लिहायला?”

तो हसला. “नाव येतंय की मधी. चोरत्यात ना लोक, म्हणून गाण्यातच घातलंय. ऐका जरा.”

मी उभा राहिलो. अर्ध्या मिनिटाने ठोका थबकला, आणि एका जाड्या, फुगविलेल्या आवाजाने त्याचे नाव उच्चारले. पुढच्या अर्ध्या मिनिटाने पुन्हा. गेली चार वर्षे हे नाव आमच्या पेठेतून, माझ्या बंद खिडकीखालून, दर भाद्रपदात जात होते, असे तोच पुढे म्हणाला.

त्या रात्री मी वही काढली. अनुक्रमांक घातला, दिनांक घातला, नावाचा रकाना पहिल्याच झटक्यात भरला, मुक्कामाच्या रकान्यात आमच्याच पेठेचे नाव लिहिले. प्रकाशक कोणी नव्हता. तिथे आडवी रेघ ओढली. शेऱ्याचा रकाना मात्र अजून कोरा आहे. तो मुलगा मला सगळी गाणी पेन ड्राइव्हवर भरून देणार आहे. ती ऐकून झाल्यावर लिहीन.